दुधाला फॅट, बोकडाला नजर

डिंडोलीत दारात म्हैस बांधलेलं घर शोधावं लागतं. गावी म्हैस किंवा चार शेळ्या असलेलं घर मात्र कुठल्याही गल्लीत सापडतं. अमळनेर, पारोळा, शिरपूर, शहादा, नंदुरबार इथून उठून आलेली माणसं सुरतेच्या या टोकाला लूमवर, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर दिवस काढतात. पहाटे दारात सुमूलच्या दुधाची पिशवी येते. रात्री गावी फोन लागतो आणि पोरगा बापाला विचारतो, "बाबा, बोकड कितलामा गया?" बाबा एक आकडा सांगतात. तो आकडा कमी की जास्त, हे पोराला कळत नाही, कारण बोकड किती किलोचा होता हे बाबांनाही ठाऊक नसतं. व्यापाऱ्यानं पाठीवरून हात फिरवला, कमरेचं मांस चाचपलं आणि भाव सांगितला.

पिशवीवर मात्र सगळं छापलेलं असतं. फॅट किती, एसएनएफ किती, कोणत्या तारखेपर्यंत वापरायचं, किंमत काय. एकाच घरातला माणूस जे विकत घेतो त्याचा पाईपाईचा हिशेब त्याच्या हातात असतो. त्याचा बाप जे विकतो त्याचा कुणाकडेच नसतो. पशुपालकांसाठी सरकारच्या पाठबळानं गेली ऐंशी वर्षं विक्रीचे आणि संशोधनाचे जे कार्यक्रम चालले, त्यांचा आढावा घ्यायचा तर सुरुवात या दोन टोकांपासून करावी, असं मला वाटतं.

जगात या गोष्टीची सर्वांत उघडी तऱ्हा अमेरिकेत दिसते. 1983 च्या कायद्यानं तिथल्या दूध उत्पादकाकडून दर शंभर पौंड दुधामागे 15 सेंट सक्तीनं कापले जातात. 1985 च्या कायद्यानं गुरं विकताना दर जनावरामागे एक डॉलर कापायचं ठरलं. हा पैसा दूध आणि गोमांस यांच्या जाहिराती, संशोधन, शाळांमधला प्रचार यांवर खर्च होतो. सरकार पैसा देत नाही. कायदा करतं आणि लक्ष ठेवतं. काही पशुपालक कोर्टात गेले. आमच्याच पैशानं आम्हाला न पटणारी जाहिरात का करता, हा त्यांचा सवाल होता. 2005 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ही जाहिरात म्हणजे सरकारचंच बोलणं आहे, म्हणून ती चालते. पैसा शेतकऱ्याचा आणि तोंड सरकारचं, असा तो मामला. एवढं करूनही अमेरिकेतला माणूस पेल्यानं दूध पिणं दशकानुदशकं कमीच करत गेला. ऑस्ट्रेलियात गुरामागे पाच डॉलर कापतात, आणि त्यातल्या संशोधनाच्या वाट्याला सरकार तेवढीच रक्कम आपल्याकडून घालतं. मला ही रीत जास्त शहाणपणाची वाटते, कारण तिथे सरकारलाही खिशात हात घालावा लागतो.

आपल्याकडे असं काही नव्हतं असं समजू नये. 1940 च्या शेतमाल उपकर कायद्यानं निर्यात होणाऱ्या मालावर अर्धा टक्का उपकर बसवला होता. त्यात धान्य आणि तेलबियांबरोबर कातडी, हाडं, तूप आणि लोकरही होती. तो पैसा भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे जायचा आणि त्यातून संशोधनाचे प्रकल्प चालायचे. 2006 मध्ये उपकर बंद झाला, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं नाही. ज्याच्या बकरीच्या कातड्यातून तो पैसा जात होता, त्याला तो जात असल्याचं कधी कळलंच नव्हतं. आजही बाजार समितीच्या आवारात बैल विकला की फी घेतली जाते. महाराष्ट्राच्या 1963 च्या पणन कायद्यात जनावरंही येतात. त्या फीतून पाण्याचा हौद, एखादी शेड, कुंपण मिळतं. बैलाच्या जातीवर संशोधन व्हावं किंवा त्याला चांगलं गिऱ्हाईक मिळावं, यासाठी ती फी कधी वापरली गेल्याचं ऐकिवात नाही. सौदा अजूनही रुमालाखाली बोटं धरून होतो.

कापलेला पैसा माणसाला परत दिसला, असं एकाच ठिकाणी घडलं. ते ठिकाण म्हणजे दूध.

खेडा जिल्ह्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. मुंबई दूध योजनेसाठी आणंद परिसरातलं दूध पोल्सन कंपनी गोळा करायची आणि भाव व्यापारी ठरवायचे. जानेवारी 1946 मध्ये शेतकऱ्यांची सभा झाली, पंधरा दिवस दूध बंद राहिलं, आणि वर्षअखेर खेडा जिल्हा संघाची नोंदणी झाली. सुरतेचा संघ, म्हणजे आपला सुमूल, 1951 चा. तेव्हा सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते आणि सहकाराचा कायदाही एकच होता, 1925 चा. ज्या कायद्याखाली सुमूल उभा राहिला, त्याच कायद्याखाली धुळ्यात किंवा जळगावातही तेव्हाच तसा संघ उभा राहू शकला असता. खानदेशाला हे टोचायला हवं.

खेड्याच्या यशाचं श्रेय लोक नेत्यांना देतात, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या मते अर्धं श्रेय काचेच्या एका नळीचं आहे. गावातल्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ बाई दूध घेऊन यायची, तिच्यासमोर नमुना घेतला जायचा, फॅट काढलं जायचं आणि त्यावर पैसे मिळायचे. जात, आडनाव, नवऱ्याचं वजन यांपैकी कशाचाही त्या नळीशी संबंध नव्हता. दूध मोजता आलं म्हणून ते विकता आलं. विकता आलं म्हणून लिटरमागे काही पैसे बाजूला ठेवता आले, आणि त्यातून डॉक्टर, कृत्रिम रेतन, पशुखाद्याचा कारखाना, जाहिरात हे सगळं उभं राहिलं.

संशोधन कशाला म्हणावं याचाही धडा तिथेच मिळतो. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असं तेव्हाचे परदेशी जाणकार सांगायचे. आणंदमध्ये हरिचंद दलाया नावाच्या अभियंत्यानं ती करून दाखवली, आणि 1955 मध्ये तिचा कारखाना सुरू झाला. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देतात आणि उन्हाळ्यात आटतात. भुकटी होत नव्हती तोवर हिवाळ्यातलं जादा दूध म्हणजे पडता भाव असंच समीकरण होतं. बाजाराला अडचण आली, तिच्यावर संशोधन झालं आणि उत्तर पुन्हा बाजारात आलं. आपल्या कृषी विद्यापीठांतल्या किती प्रबंधांची वाट अशी आहे?

1964 च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्री खेड्यात आले, अजरपुरा गावात एक रात्र राहिले, आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झालं. 1970 मध्ये दूधमहापूर योजना सुरू झाली. युरोपातून दान आलेली भुकटी आणि लोणीतेल विकून तिचं भांडवल उभं राहिलं. फुकट आलेला माल फुकट न वाटता तो विकून शेतकऱ्याचा बाजार बांधणं हा सरकारी पाठबळाचा सर्वांत हुशार उपयोग होता, असं मी म्हणेन. 1973 मध्ये गुजरातच्या संघांनी मिळून विक्रीसाठी एक महासंघ केला. म्हणून डिंडोलीच्या दुकानात सुमूलच्या दुधाशेजारी अमूलचं लोणी गुण्यागोविंदानं बसतं. जिल्ह्या-जिल्ह्याच्या संघांनी एकमेकांविरुद्ध जाहिरात करण्यात पैसा घालवला नाही. वर्षाअखेर सभासदांना जो भावफरक मिळतो, ज्याला आपले लोक सरळ बोनस म्हणतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

महाराष्ट्रानं दुसरी वाट धरली. इथे दूध हे सरकारी खातं झालं. आरे वसाहतीचा आराखडा चांगला होता. त्यामागच्या दारा खुरोडींना 1963 मध्ये खेड्याच्या कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो काही उगाच नाही. पण खात्यात शेतकरी मालक नसतो, पुरवठादार असतो. 1967 मध्ये राज्याचा महासंघ झाला आणि पुढे 'महानंद' नाव आलं, तोवर प्रत्येक मोठ्या संघानं आपापली पिशवी बाजारात आणली होती. कोल्हापूरचं गोकुळ, वारणा, आणि अशी किती तरी. काही उत्तम चालले. पण मुंबईच्या एकाच दुकानात महाराष्ट्राची पाच-सहा नावं एकमेकांचा भाव पाडत राहिली आणि गुजरातचं एकच नाव पुढे गेलं. शेवटी 2024 मध्ये महानंदचा कारभार राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवावा लागला. जळगावचा संघही एके काळी याच मंडळानं सावरला आणि 'विकास' दूध पुन्हा उभं राहिलं.

त्याच 2024 साली महाराष्ट्र सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागे आधी 5 आणि नंतर 7 रुपये अनुदान दिलं. जनावराच्या कानात बिल्ला हवा, त्याची नोंद ऑनलाइन हवी, पैसे बँकेत जाणार. दर कोसळलेले असताना या पैशानं अनेक गोठे तगले, हे मान्य करायला हवं. पण हा पैसा तिजोरीतून आला आणि तिजोरीच्या सोयीनं थांबणारा होता. म्हशीच्या दुधाला तो नव्हताच, म्हणजे खानदेशातल्या कित्येक दावणी त्यातून सुटल्या. लिटरमागे पन्नास पैसे स्वतःचे कापून उभा केलेला निधी आणि लिटरमागे सात रुपये मिळालेलं अनुदान यांत मोठं काय, असा प्रश्न विचारला तर आज कुणीही सात रुपये म्हणेल. पण दहा वर्षांनी गावात रेतनाची सोय, शीतकरण टाकी, डॉक्टर यांपैकी काय उरलं, हे पाहिलं की उत्तर बदलतं.

सुरत आणि महाराष्ट्र यांच्यातला सर्वांत मोठा दुवा मात्र दुधाच्या धंद्यातला नाही, तो एका माणसाचा आहे. मणिभाई देसाई सुरत जिल्ह्यातल्या कोसमाड्याचे. 1946 मध्ये गांधीजींबरोबर पुण्याजवळच्या उरुळी कांचनला गेले आणि तिथलेच झाले. निसर्गोपचार आश्रमात त्यांनी गीर गायींवर काम केलं आणि 1967 मध्ये 'बायफ' ही संस्था काढली. त्यांची कल्पना साधी होती. वळू गावात नेण्यापेक्षा गोठवलेलं वीर्य शेतकऱ्याच्या दारात न्यायचं, आणि सेवा सरकारी दवाखान्यात न ठेवता मोटारसायकलवर ठेवायची. सरकारनं पैसा द्यायचा आणि काम संस्थेनं करायचं, अशी व्यवस्था अनेक राज्यांत झाली. गायीचा माज दवाखान्याच्या वेळापत्रकानं येत नाही, हे एवढं समजायला आपल्याला एक संस्था लागली.

तिकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' गाय तयार केली. संकरानं दूध वाढलं, यात वाद नाही. किंमत दुसऱ्या कुणीतरी दिली. डांग आणि नाशिक-अकोले पट्ट्याच्या डोंगरात डांगी गुरं आहेत. कातडी तेलकट, धो धो पावसात उभी राहतात, भातखाचरात राबतात. ही जात सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली, पण तिचं दूध थोडं. दुधाच्या मापावर बांधलेल्या कार्यक्रमात तिचा नंबर कायम शेवटचा. 2014 मध्ये राष्ट्रीय गोकुळ मिशन आलं आणि देशी जातींचं नाव कागदावर वर आलं. पण पावसात टिकण्याचा भाव कुठल्या काट्यावर मोजणार?

कोंबडीचा हिशेब वेगळा. अंड्याच्या बाबतीत पुढाकार सरकारनं घेतला नाही. 1982 मध्ये पुण्याच्या बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती झाली, तिनं रोजचा भाव जाहीर करायला सुरुवात केली, आणि टीव्हीवर रोज अंडी खायला सांगणारी ती जाहिरात आली, जी त्या पिढीच्या पोरांना पाढ्यांसारखी पाठ आहे. अंडं नगावर मोजता येतं, म्हणून ते जमलं.

पण फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूर झालं. आपल्या रेल्वेलाइनवरचं नवापूर, ज्याच्या स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे सापडला. भोपाळच्या प्रयोगशाळेनं 18 फेब्रुवारीला खात्री दिली, लाखो पक्षी पुरले गेले, आणि पलीकडे उच्छल, जे तेव्हा सुरत जिल्ह्यात होतं, तिथेही तीच पाळी आली. मारलेल्या पक्ष्यांची भरपाई ठरली. पण ज्यांचे पक्षी निरोगी होते, शेकडो मैल दूर होते, आणि केवळ भीतीनं ज्यांचा भाव मातीमोल झाला, त्यांच्यासाठी त्या भरपाईत रकाना नव्हता. 2021 च्या फेब्रुवारीत नवापुरात पुन्हा तेच घडलं. इतक्या वर्षांच्या जाहिरातीनं कमावलेलं गिऱ्हाईक एका बातमीनं पळतं. ते परत आणायचं तर प्रयोगशाळेचा अहवाल आणि बाजारातली हाक एकाच तोंडातून यायला हव्या होत्या. प्रयोगशाळा सरकारची आणि हाक उत्पादकांची, अशी वाटणी असल्यानं दोन्ही सूर जुळले नाहीत.

याच कारणानं मी लसीला संशोधनापेक्षा विक्रीच्या खात्यात घालतो. आपल्या देशातली पशुरोगांची पहिली प्रयोगशाळा 1889 च्या डिसेंबरात पुण्यातच निघाली. तीच पुढे मुक्तेश्वरला आणि मग इज्जतनगरला गेली. ज्या बुळकांडीनं गावंच्या गावं ओस पाडली, तो रोग 2006 मध्ये देशातून संपल्याची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. या कामाला कुठलाही शेतकरी लिटरमागे पैसे देऊन पुरला नसता. लाळ-खुरकूत आहे तोवर परदेशातली चांगली गिऱ्हाइकं आपलं दूध-मांस घेताना नाक मुरडतात. 2019 मध्ये लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठी 13,343 कोटी रुपयांचा लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, तो म्हणूनच जाहिरातीच्या कुठल्याही मोहिमेपेक्षा मोठा विक्री कार्यक्रम आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातली लम्पी त्वचारोगाची साथ आधी रावेर तालुक्यात दिसली. तेव्हा हाताशी असलेली शेळीच्या देवीची लस गायींना टोचून काम भागवावं लागलं. लम्पीची स्वतंत्र लस हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी तयार केली आणि तिचं तंत्र पुण्याच्या सरकारी लस संस्थेलाही दिलं गेलं.

डिंडोलीत राहून एक गोष्ट मात्र डोळ्यांआड करता येत नाही. सुरतेतच गुरं पाळणारे मालधारी आहेत, आणि ते कुठल्याच योजनेत नीट बसत नाहीत. 2022 मध्ये गुजरात विधानसभेनं शहरातल्या गुरांवर परवान्याचं विधेयक मंजूर केलं, मालधारींनी विरोध केला, 21 सप्टेंबरला त्यांनी राज्यभर दूध विकणं बंद ठेवलं, आणि सरकारनं विधेयक मागे घेतलं. त्यांचं दूध घेणारं गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत आहे. त्याला ना जाहिरात लागते, ना पिशवी. पालिकेच्या लेखी मालधारी रस्त्यावरची अडचण आहेत आणि पशुसंवर्धन खात्याच्या लेखी शहरात पशुपालक नसतोच.

आता शेळीकडे येऊ, म्हणजे बाबांच्या फोनकडे.

2019 च्या पशुगणनेत देशात 14 कोटी 88 लाख शेळ्या मोजल्या गेल्या; म्हशींपेक्षा जवळजवळ चार कोटी जास्त. संशोधन कमी आहे असं नाही. सुरतेचं नाव लावणारी पांढरी, दुधाळ सुरती शेळी नवसारीच्या संशोधन केंद्रानं अभ्यासली आहे. गंमत म्हणजे जुन्या जातीकोशांत तिचं दुसरं नाव 'खानदेशी' असं नोंदलेलं आहे. म्हणजे डिंडोलीतल्या माणसासारखीच तिलाही दोन पत्ते आहेत. फलटणच्या निंबकर संस्थेनं दख्खनी मेंढीत जुळ्यांचा गुण आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. महाराष्ट्रात शेळी-मेंढी विकास महामंडळ 1978 पासून आहे आणि त्याचं एक प्रक्षेत्र चाळीसगाव तालुक्यात बिलाखेडला आहे. केंद्राच्या पशुधन अभियानातून शेळीच्या मोठ्या फार्मला निम्मं भांडवली अनुदान मिळतं. पाच शेळ्यांची बाई त्या फार्मच्या व्याख्येत बसत नाही, हे वेगळं सांगायला नको.

एवढं सगळं असून शेळीला नळी नाही. म्हणजे तिच्या दारात तिचं माप घेणारं काही नाही. जुळी देणारी मेंढी तयार करणाऱ्या शास्त्रज्ञानं कित्येक वर्षं घालवली, आणि त्या कोकराचा भाव तोंडावर ठरतो. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांच्या बाजाराला पर्यटन खात्यानं 'चेतक महोत्सव' म्हणून मांडव घातला, ते छानच झालं. शेळीच्या बाजाराचा असा पाहुणचार झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही, आणि मला तो नकोही आहे. तिला मांडव नको, काटा हवा. बोकड जिवंत वजनावर विकला गेला तर पुढचं सगळं आपोआप सुचेल. कोणत्या जातीचं करडू सहा महिन्यांत किती भरतं, कोणत्या चाऱ्यानं किती फरक पडतो, जंताचं औषध वेळेवर दिलं तर पैसे किती वाढतात, हे प्रश्न मग शेतकरीच विचारेल. आणि किलोमागे रुपया कापून गावात डॉक्टर ठेवा असंही तोच म्हणेल. खेड्यातल्या बायकांनी फॅटच्या नळीसमोर उभं राहून हेच केलं होतं.

दिवाळीला किंवा कानबाईला गावी जाल तेव्हा सुरतेहून एक टांगता वजनकाटा घेऊन जा. पन्नास-साठ किलोचा पुरतो आणि पिशवीत मावतो. व्यापारी यायच्या आधी बोकड त्यावर टांगा, आकडा कोळशानं भिंतीवर लिहा, आणि मगच भाव विचारा.